परक्या तोंडून आपलेच बोल

परदेशात प्रवास करणाऱ्या माणसास आपल्या देशाच्या राजकारणाविषयी तेथील लोकांची मते ऐकण्याचा प्रसंग हटकून येतो. आगगाडीच्या डब्यात, भाड्याच्या मोटारीत, यजमानांच्या पंक्तीला कोणी ना कोणी सद्गृहस्थ 'तुमच्याकडे सध्या जे चालले आहे' येथून प्रारंभ करतो. आणि ज्या सरकारला आपण घरी सकाळ-संध्याकाळ नावे ठेवतो त्याचीच वकिली आपल्या तोंडून कशी होऊ लागली, याचे नवल आपणास रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटते. या अनुभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक लेखन मला उथळ वाटते, कारण परक्यास असे बोलण्याचा अधिकार आहे की नाही, या एकाच प्रश्नाभोवती ते घुटमळत राहते. माझे म्हणणे निराळे आहे. आपल्या राजकारणाविषयीचे परकीयाचे मत हे खरोखर परकीयाचे असते, असे फार क्वचित घडते. ते बहुधा आपल्याच घरातील एखाद्या पक्षाचे, घराण्याचे किंवा दुखावलेल्या असामीचे मत असून, परकी भाषा आणि परकी प्रतिष्ठा अंगावर घेऊन ते आपल्याकडे परतलेले असते. म्हणून अधिकाराच्या आधी विचारावयाचा प्रश्न उगमाचा आहे.

१. दोन सोयीस्कर समजुती

या विषयात सर्वसाधारण सुशिक्षित माणूस दोहोंपैकी एका समजुतीचा आश्रय करतो. पहिली अशी की, 'त्यांना आपल्यातले काय कळते?' ही समजूत अभिमानातून जन्मते आणि आळसावर पोसते, कारण ऐकलेल्या मताची रुजुवात करण्याच्या श्रमातून ती आपली सुटका करते. दुसरी तिच्या अगदी उलट: बाहेरच्या माणसाचा कोणत्याही पक्षाशी लागाबांधा नसल्यामुळे त्यास सारे निर्मळ दिसते, सबब त्याचा निवाडा निःपक्षपाती समजावा. ही समजूत नम्रतेचा वेष घेते, पण तिच्या पोटी न्यूनगंड असतो; शेजाऱ्याने सांगितलेली जी गोष्ट आपण कानाआड केली, तीच लंडनच्या वृत्तपत्रात छापून आली की आपण ती प्रमाण मानू लागतो.

दोन्ही समजुतींत एकच दोष आहे. परकीयाचे मत हे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बनते, असे दोघीही गृहीत धरतात. एक त्या डोळ्यांना आंधळे म्हणते, दुसरी दिव्य म्हणते. वस्तुतः राज्यकारभार हा डोळ्यांनी दिसणारा पदार्थच नव्हे. तो कागदांतून, जबान्यांतून, अफवांतून आणि मसलतींतून कळावयाचा असतो, आणि हे सर्व परक्याच्या हाती कोणी तरी द्यावे लागते. देणारा आपल्यातला असतो.

२. इतिहासकाराच्या हाती आलेले दफ्तर

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासलेखनात सापडते. जेम्स ग्रांट डफ हा साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, आणि त्याचा तीन खंडांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मराठी राज्याविषयी जे निवाडे आहेत त्यांनी पुढे एतद्देशीय वाचक दुखावले, आणि १८६८ साली नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यावर टीका लिहून मराठीत इतिहासचिकित्सेचा पायंडा पाडला. कीर्तन्यांचे कार्य मोठे होते. परंतु त्यांच्यामागून 'इंग्रजाने आमचा इतिहास बिघडवला' असे सरसकट म्हणणारी जी परंपरा वाढली, तिने एक गोष्ट दृष्टिआड केली: डफने तो इतिहास काही कल्पनेतून रचला नव्हता. साताऱ्याचे महाराज प्रतापसिंह यांच्या अनुकूलतेने त्यास कागद मिळाले, बखरी मिळाल्या, आणि त्या बखरींत मल्हार रामराव चिटणीस यांची बखर प्रमुख होती.

संभाजी महाराजांचे जे विकृत चित्र इंग्रजी ग्रंथांतून आणि त्यांच्या आधारे शाळेच्या पुस्तकांतून शतकभर फिरत राहिले, त्याचा मोठा अंश या बखरीतून आलेला आहे. आणि बखरकार चिटणीस हे त्या बाळाजी आवजींचे वंशज, ज्यांना संभाजी महाराजांनी देहान्त शासन केले होते. घराण्याचा हा सल बखरीत उतरला, बखरीतून डफच्या इतिहासात शिरला, आणि मग 'निःपक्षपाती परकीयाचा निवाडा' या मोहोरेनिशी आमच्याच मुलांच्या पाठ्यपुस्तकात परतला. १९६० साली वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा ही मोहोर पुसण्यास प्रारंभ झाला. मधल्या काळात डफवर रागावणारे पुष्कळ निघाले, पण डफच्या मुखाने कोण बोलत आहे असे विचारणारे थोडे. आणि रागापेक्षा त्या प्रश्नाने काम अधिक झाले, हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे.

लोकमान्य टिळकांनी व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनच्या न्यायालयात जी अब्रुनुकसानीची फिर्याद चालवली तिची कथा याच जातीची आहे. चिरोल 'टाइम्स'चा माणूस, त्याचे पुस्तक १९१० चे, आणि फिर्यादीचा निकाल १९१९ साली टिळकांविरुद्ध लागून त्यांच्यावर खर्चाचा प्रचंड बोजा पडला. परंतु ज्या मजकुराबद्दल फिर्याद होती त्यात ताईमहाराज प्रकरणही होते. पुण्यातील एका घराण्याचा दत्तकाचा तंटा, त्यातील पक्षोपपक्ष, परस्परांवरील आरोप, हे सर्व मुंबई सरकारच्या दफ्तरातून चिरोलच्या लेखणीपर्यंत पोहोचले होते. परक्याने दिलेल्या शाईत आमच्याच वाड्यातील भांडण भिजलेले होते.

३. एकच कलह, दोन परकीय

माझ्यासारख्या ग्वाल्हेरच्या माणसास हे सिद्ध करण्यासाठी सातारा-पुण्यास जाण्याचे कारण नाही. दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी बायजाबाई, कागलच्या घाटग्यांची कन्या, यांनी जनकोजीरावांस दत्तक घेऊन कारभार स्वतःच्या हाती ठेवला, आणि १८३३ साली जनकोजीरावांच्या पक्षाने लष्कर फितवून बाईंना ग्वाल्हेर सोडावयास लावले. कंपनी सरकारने जनकोजीरावांची सत्ता मान्य केली. सरकारी कागदांतून पाहिले तर वयात आलेल्या दत्तक राजास त्याचा हक्क मिळाला आणि सत्ता न सोडणारी एक विधवा दूर झाली, इतकाच त्या घटनेचा अर्थ निघतो.

दोनच वर्षांनी फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज स्त्री फतेहगडास बायजाबाईंच्या छावणीत गेली. पुढेही ती त्यांना भेटत राहिली आणि १८५० साली तिने आपले प्रवासवृत्त छापले. त्या पुस्तकातील बायजाबाई निराळ्याच आहेत: करारी, विनोदाची जाण असलेल्या, घोड्यावरील मांड पक्की असलेल्या, आणि अन्यायाने पदच्युत झालेल्या. इंग्रज स्त्रिया एका बाजूस पाय सोडून घोड्यावर बसतात ते पाहून छावणीतील मराठमोळ्या बायकांना हसू आवरेना, तेव्हा पार्क्सबाईने मराठी पेहराव करून दोन्ही बाजूंस पाय टाकून घोडा चालवला, आणि हीच रीत उत्तम असा अभिप्राय नमूद केला. विधवांच्या स्थितीवर बोलणे निघाले असता इंग्रजी कायद्याने विवाहित स्त्री किती पराधीन आहे हेही तिने तेथे सांगितले. त्या काळी इंग्लंडात लग्न होताच स्त्रीच्या मिळकतीवर पतीचा अधिकार चाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संभाषणाचे मोल कळते.

आता विचार करावा. सरकारी कागद लिहिणारा कंपनीचा रेसिडेंट आणि पार्क्सबाई, दोघेही परकीय, दोघेही इंग्रज, काळ एक, कलह एक. मग मते विरुद्ध का? बुद्धी कमी-अधिक म्हणून नव्हे, आणि प्रामाणिकपणातील भेदामुळेही नव्हे. एकाच्या कानाशी दरबारातील विजयी पक्ष होता आणि दुसरीच्या कानाशी छावणीतील पराभूत जनाना. ग्वाल्हेरच्या लष्कर शहरातील कोणाही दोन कुटुंबांत त्या वेळी हाच वाद याच शब्दांत चालला असेल. पार्क्सबाईने आणि रेसिडेन्सीने त्याचा इंग्रजी तर्जुमा केला.

४. मताच्या पाठीशी फौज असते तेव्हा

येथपर्यंत माझे विवेचन ऐकून एखादा म्हणेल की, मत मूळचे आपलेच असेल तर त्याचे भय कशाला? भय असते, आणि ते कशाचे, हे १८४३ सालाने शिकवले. जनकोजीराव अकाली निवर्तले, त्यांची पत्नी ताराबाई हिने वयाची पुरती तेरा वर्षेही गाठली नव्हती, आणि दरबारात मामासाहेब कदम व दादा खासगीवाले असे दोन पक्ष पडले. मामासाहेबांस इंग्रजांचा पाठिंबा होता, तरी दादांनी मामासाहेबांना हुसकावले. गव्हर्नर जनरल एलेनबरो याने या गृहकलहात मामांच्या पक्षाची कैफियत आपली म्हणून स्वीकारली, दादांना हवाली करण्याची मागणी केली, आणि दादा हाती आल्यावरही फौज मागे घेतली नाही. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार या दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया होऊन शिंद्यांची सेना मोडली, आणि पुढील महिन्यात झालेल्या तहाने दरबार रेसिडेंटाच्या मुठीत गेला.

मामा-दादांचा तंटा लष्करच्या बाजारात कित्येक महिने चघळला गेला असणार, त्याने कोणाचा प्राण गेला नाही. तोच एलेनबरोच्या खलित्यात शिरला तेव्हा हजारोंचे गेले. म्हणून परकीयाच्या मताचे वजन त्याच्या खरेपणावरून ठरवू नये, ते उच्चारणाऱ्याच्या हाती काय आहे यावरून ठरवावे. आगगाडीतील सहप्रवाशाचे मत आणि राजदूताचे मत शब्दशः एक असले तरी पहिल्यास हसून उत्तर देता येते, दुसऱ्याची मात्र बारकाईने नोंद ठेवावी लागते. आपला प्रवासी नेमके याच्या उलट करतो, ही त्यातील गंमत आहे. सहप्रवाशाशी तो हमरीतुमरीवर येतो आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अहवालाकडे ढुंकूनही पाहत नाही.

५. आपणच परके असतो तेव्हा

सिद्धान्ताची खरी कसोटी त्याची बाजू उलटवून पाहण्यात असते. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या, आणि १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. तेथील प्रजासत्ताकाची त्यांनी मनापासून वाखाणणी केली, आणि कृष्णवर्णीयांवर व मूळच्या रहिवाशांवर झालेल्या अन्यायाबद्दल दोषही निर्भीडपणे दिला. ग्रंथ थोर आहे. पण तो वाचताना जाणवते की ही अमेरिका मुख्यतः तेथील सुधारक स्त्रियांची, मद्यपानबंदीच्या व स्त्रीशिक्षणाच्या चळवळीतील स्त्रियांची अमेरिका आहे. कारण रमाबाईंचे यजमान, श्रोते आणि पाठीराखे त्याच होत्या. एखाद्या दक्षिणी मळेवाल्याच्या घरी त्या उतरल्या असत्या तर ग्रंथ वेगळा झाला असता. पार्क्सबाईचे जसे बायजाबाईंच्या छावणीशी, तसेच हे.

उलट दिशेने पाहावे तर १८९५ च्या सुमारास ब्रुकलिन येथे जो वाद माजला तो आणखी मौजेचा आहे. हिंदू विधवांच्या स्थितीविषयी स्वामी विवेकानंदांनी तेथे जे सांगितले त्यास रमाबाईंच्या पाठीराख्यांच्या तेथील 'रमाबाई मंडळा'ने कडाडून विरोध केला. वृत्तपत्रांत लिहिणाऱ्या अमेरिकन स्त्रिया आणि त्यांना उत्तर देणारे अमेरिकन सद्गृहस्थ, यांपैकी किती जणांनी भारताचा किनारा पाहिला असेल? पुण्या-कलकत्त्यास चाललेला सुधारक-सनातनी वाद तेथे परदेशी कंठांतून लढला जात होता.

आणि आम्ही ग्वाल्हेरचे मराठी तर या बाबतीत दोन्हीकडून परके. पाटणकर बाजारातील एखाद्या घरी लग्नकार्यानिमित्त पुण्याहून पाहुणे येतात, फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचे दर्शन घेतात, जयविलास राजवाडा पाहतात, आणि संध्याकाळी चहा घेताना 'तुमच्या शिंद्यांनी अठ्ठावन्न साली' असा विषय काढतात. जून १८५८ मध्ये जयाजीराव शिंदे आग्र्यास गेले हे खरेच आहे, परंतु पाहुण्यांचा निवाडा त्यांनी सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथातून आणलेला असतो. आणि हिंदी शाळेत शिकलेली घरातील पोरे सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेतून तोच निवाडा आधीच पाठ करून बसलेली असतात. दरबारी चाकरीतील घरांतून सांगितली जाणारी बाजू, म्हणजे फौजच उलटली असता राजाने काय करावयाचे होते हा प्रश्न, यांपैकी कोणाच्याच पुस्तकात आलेला नाही. (ती बाजू मला स्वतःस पुरती पटते असे नाही, पण ती होती.) आता आमचे वर्तन पाहा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन रंगात होती तेव्हा मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन होत होते, आणि लष्करातील मराठी मंडळी महाराष्ट्राच्या भवितव्यावर ठासून मते देत होती. ज्याचे मामा गिरगावात तो मुंबईसाठी प्राण देण्यास सिद्ध, ज्याची सासुरवाडी नागपूरची तो स्वतंत्र विदर्भाचा कैवारी. एरवी दोघांच्या माहितीत तिळाइतका फरक नसे.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप विचारार्ह आहे. परकीय जर केवळ आपलाच प्रतिध्वनी असेल, तर ब्रॉटनच्या पत्रांसारख्या ग्रंथांचे मोल काय? टॉमस ब्रॉटन हा रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीचा अधिकारी १८०९ साली दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. पुढे ती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावून तिचेच लष्कर शहर झाले. थकलेल्या पगारासाठी शिपाई सरदाराच्या डेऱ्यासमोर धरणे धरून बसत, आणि धरणे चालू असेतो दोन्ही पक्ष उपाशी राहत, ही रीत ब्रॉटन उलगडून सांगतो. छावणीतील कारकुनास ती सूर्योदयाइतकी नित्याची असल्याने त्याने ती समजावून लिहिण्याचे कारण नव्हते. हे मी मान्य करतो, आणि माझा सिद्धान्त तितका मर्यादित करतो. रीतीच्या बाबतीत परकीयाचा डोळा खरोखर त्याचा स्वतःचा असतो, कारण रीत दिसते. पक्षाच्या बाबतीत तो उसना असतो, कारण न्याय-अन्याय सांगावे लागतात. आमच्या कचेरीत एका सहीसाठी किती खेटे घालावे लागतात, हे परदेशी पाहुणा सांगू लागला तर मुकाट्याने ऐकावे. कोणत्या पक्षाने देश बुडवला हे तो सांगू लागला, तर त्याचा भारतातील मित्र कोण याची चौकशी करावी.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. मते जर आपल्यातूनच बाहेर जात असतील, तर परदेशात आपल्या लोकांनी तोंड बंद ठेवावे हे बरे. याला पुष्टी देण्यासाठी १८९७ सालच्या गोखल्यांचे उदाहरण सांगतात. इंग्लंडात वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांना पुण्यातून पत्रे आली, प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांत होता, आणि तो त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये प्रसिद्ध केला. परत आल्यावर पुरावा उभा राहीना, लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. परंतु यातून मौनाचा धडा निघत नाही. गोखल्यांकडून चूक झाली ती बोलण्यात नव्हे, उगमाची रुजुवात होण्यापूर्वी बोलण्यात. आणि माफी मागतानाही ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना त्यांनी उघडे पाडले नाही, हे त्यांच्या टीकाकारांनी सोयीस्करपणे विसरू नये. शिवाय मौन पाळण्याचा आग्रह सर्वांना सारखा लागू कधीच होत नाही: सत्ताधाऱ्याचे परदेशातील भाषण हे देशाचे भाषण ठरते आणि विरोधकाचे तेच देशद्रोह.

एकमुखाने बोलण्याची गरज जेव्हा खरीच असते, तेव्हा ती विरोधकास गप्प बसवून भागत नाही. १९९४ साली जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे काश्मीरच्या प्रश्नावर पाकिस्तानचा ठराव यावयाचा होता, तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे सोपवले. ठराव मागे घेतला गेला. घरी सरकारवर तुटून पडणारा माणूस तेथे सरकारच्या बाजूने उभा आहे, हे दृश्य हाच तेथील मोठा युक्तिवाद होता. घरी विरोध करण्याची मुभा नसती तर त्या उभे राहण्यास काडीची किंमत राहिली नसती.

७. घरचे तोंड बांधलेले असते तेव्हा

आणीबाणीतील एकवीस महिन्यांत, जून १९७५ ते मार्च १९७७, देशी वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे तिहारच्या तुरुंगात होत्या, वाजपेयीही स्थानबद्ध होते, आणि घरोघर दारे लावून लोक बीबीसी ऐकत. त्या वेळी परक्यांच्या मतांना आमच्याकडे जे मोल आले, ते लंडनच्या निवेदकास आपल्यापेक्षा अधिक अक्कल होती म्हणून नव्हे. तुरुंगातल्यांचे आणि भूमिगतांचे बोलणे बाहेर जाऊन त्या वाटेने घरी येत होते, आणि परतीची दुसरी वाट शिल्लक नव्हती. त्याच काळात आणीबाणीची प्रशंसा करणारे परकीयही होते. त्यांना माहिती पुरवणारे दिल्लीतील कचेऱ्यांत बसलेले होते. रेडिओच्या त्या खरखरीत लष्करातल्या ज्या घरातील कर्ता पुरुष तुरुंगात होता त्या घराला एक ऐकू येई, आणि ज्या घरातील मुलगा नुकताच सरकारी नोकरीत कायम झाला होता त्यास दुसरे.

यानंतर सात वर्षांनी, १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, ग्वाल्हेरात जन्मलेले वाजपेयी येथूनच उभे राहिले आणि काँग्रेसच्या माधवराव शिंद्यांनी त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. माधवरावांच्या मातोश्री राजमाता त्या वेळी वाजपेयींच्याच पक्षाच्या अग्रणी नेत्या होत्या. त्या हिवाळ्यानंतर पाटणकर बाजारातील कोणी तरुण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेला असेल, आणि 'तुमचे ग्वाल्हेर कोणाच्या बाजूचे?' असे तेथील शेजाऱ्याने त्यास विचारले असेल, तर त्याने वडील जे बोलत तेच उत्तर दिले असणार; आणि तो शेजारी आजही कोठे तरी, भारताविषयी बोलणे निघाले म्हणजे, ते आपले मत म्हणून सांगत असेल.